बंद पडणारी चौथी

दुचाकी शिकवणाऱ्या शाळेच्या चारही मोटारसायकली एकाच बनावटीच्या, एकाच वर्षाच्या होत्या. हँडल पूर्ण डावीकडे वळले की चौथीचे इंजिन बंद पडे. उरलेल्या तिन्ही कधीच बंद पडत नसत.

प्रत्येकीच्या हँडलवर इंजिन तत्काळ थांबवणारे लाल बटण बसवले होते. शिकाऊ गाडीसकट आडवा झाला, की शिकवणाऱ्या बाईंनी धावत जाऊन तेच दाबायचे. तीन बटणे गॅरेजवाल्या थोरल्या भावाने जोडली होती, चौथे धाकट्या बहिणीने. भावाच्या जोडणीत बटण दाबले, की स्पार्कचा करंट चेसिसमध्ये, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यात, उतरून इंजिन थांबे. बहिणीने उलटे केले होते. तिच्या बटणातून करंट सतत वाहत असे. तो खंडित झाला की स्पार्क बंद. बटण दाबले तरी बंद, तार तुटली तरी बंद.

बाईंनी चारही गाड्या गॅरेजात आणवून तक्रार केली, तेव्हा भावाने पक्कड उचलली.

“तीन चालतात, एक रुसते. आता अंगण वाकडं म्हणू नकोस! उपटून माझ्यासारखी जोडतो ही तार. उद्यापासून तू काउंटरवर बस.”

गॅरेजमध्ये तिच्या वाट्याला वायरिंग तेवढे आले होते. तेच जात होते.

“बस म्हणशील तिथे बसेन, दादा. पण तुझ्या तिघी बंद पडत नाहीत, एवढंच सिद्ध झालंय. त्या बंद करता येतात का, ते बघू की.”

बाईंना हसू आले. भावाने पहिली गाडी स्टँडवर घेऊन सुरू केली आणि बटण दाबले. इंजिन थांबले.

“झालं समाधान?”

“आता हँडल डावीकडे घे. पूर्ण.”

त्याने घेतले. बटण दाबले. इंजिन चालूच राहिले. पुन्हा दाबले, अंगठा पांढरा होईतो. दुसरी गाडी तशीच. तिसरीही. बाईंचे हसू मावळले. आठचा आकडा काढताना शिकाऊ पडत, ते हँडल असे वळलेले असतानाच.

“तुला हे कळलं कसं गं?” भावाने विचारले.

“कळलं कुठे होतं? आपण तपासलं नव्हतं, एवढंच माहीत होतं.”

त्याने पक्कड बहिणीच्या हाती दिली. “तूच उघड. चारही.”

तारा देखण्या बांधाव्यात, कुठे लोंबू नयेत, ही वडिलांची शिस्त दोघांच्या हातात मुरली होती. म्हणून चारही गाड्यांची तार हँडल सरळ ठेवून, ताणून, घट्ट बांधलेली होती. प्रत्येक वळणाला तिला ओढ बसे. वरचे आवरण शाबूत राहिले. आतले तांब्याचे धागे तुटले. हँडल सरळ असता तुटकी टोके एकमेकांना टेकत, डावीकडे वळता सुटत. दोष चौघींत एकच होता. चौथी तेवढी तो सांगत होती.