जमिनीला लागलेलं

कोरियातल्या देगू शहरात, आपली गाडी आपणच धुवायच्या तळावर दर रविवारी तेसॉक आणि त्याची दोन पोरं हजर! काळी गाडी अशी चमकवायचे की विचारू नका. नियम एकच, पोरांना तोंडपाठ: खाली पडलेलं फडकं गाडीला परत लावायचं नाही. बारीक खडे चिकटतात, ओरखडे पडतात.

त्या रविवारी तेसॉकनं मेणाचा शेवटचा हात मारला, मान वर केली, तर पाच वर्षांची बोमी गायब!

"युचान, बोमी कुठंय?" त्यानं थोरल्याला विचारलं.

"मला काय माहीत? आत्ता तर इथंच होती!"

शेजारून गाड्या भर्रकन बाहेर पडत होत्या. तेसॉकनं हाका मारत सगळा तळ पालथा घातला.

सापडली! पार टोकाला, भिंतीला चिकटून उभी, गुडघे चिखलानं माखलेले.

"अगं, इथं काय करतेस? चल गाडीकडे!"

"नको अप्पा," ती मुसमुसत म्हणाली. "मी खाली पडले. मला पण खडे चिकटलेत. आता मला गाडीला लावायचं नाही."

तेसॉकला हसावं की रडावं कळेना. त्यानं तिला उचललं, आजवर फक्त गाडीलाच लागलेल्या सगळ्यात मऊ टॉवेलनं तिचे गुडघे पुसले, नाक पुसलं आणि चिखलाच्या बुटांसकट तिला थेट बॉनेटवर बसवलं.

युचान आ वासून बघतच राहिला. मग त्यानं धपकन जमिनीवर लोळण घेतली.

"अप्पा, मी पण पडलो!"