मुठीतल्या गोळ्या

"खोकला थांबला तरी सासऱ्याले सहा महिने गोळ्या तुह्यासमोरच गिळाले लावजो," टीबीच्या गोळ्या घरी द्यायला आलेल्या गावच्या आशाताई म्हणाल्या होत्या. "ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेय," मी हसले. टीबीच्या जंतूला पांढरी पेशी गिळते, तेव्हा तो काही जनुकं बंद करतो, काही चालू करतो आणि तिच्याच पोटात निपचित पडून राहतो, हे परीक्षेत लिहिलं होतं. सासरे रोज गोळ्या मुठीत घेऊन मासे धरायला निघायचे. दोन महिन्यांत खोकला थांबला आणि मी निर्धास्त झाले. काल पडवीतलं जुनं जाळं झटकलं, तर गोळ्यांचा सडा पडला. "खोकला थांबल्यावर नाही गिळल्या. लघवी लाल होते, तळ्यावर सारे हासतात," ते खोकत म्हणाले. "तळ्यात फेकल्या त मासोळ्या मरतीन ना, बाई." त्यांच्या मांडीवरची माझी लेक आचलही खोकली. तुमच्या घरी कोणाचा खोकला थांबला असेल, तर त्याची मूठ उघडून बघा.