बेरिलला गंमत कळत नाही

"बाबांना विनोदाचं भारी अंग होतं. हे पहिल्याच वाक्यात घ्या," डॅरन म्हणाला.

समोरच्या फिलिपाबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. डॅरनचे वडील डेरेक गेल्या आठवड्यात गेले. घरात कुणालाच पाद्री नको होता, म्हणून गुरुवारी दहनगृहात डेरेकबद्दल बोलायला या बाई येणार होत्या. आता यॉर्कशरात असंच चालतं. मेलेल्याला कधी न पाहिलेली बाई घरी येते, चहा पिते, चार गोष्टी विचारून जाते, आणि शवपेटीशेजारी उभी राहून जन्मभराच्या शेजारणीसारखी बोलते. त्यात लोक निदान दोनदा तरी हसले पाहिजेत, नाहीतर अंत्यविधी फसला म्हणतात.

डेरेकची बायको बेरिल खिडकीपाशी चहाचा कप धरून बसली होती. तिला अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

"एखादा किस्सा आहे का?" फिलिपाबाईंनी विचारलं.

"पेट्रोल पंपाचा!" डॅरन एकदम खुलला. "तो तर हवाच."

"तो नको," बेरिल म्हणाली.

"ऐका हो तुम्ही. मी नऊ वर्षांचा, ही माझी बहीण लिंझी सहाची. समुद्रावर निघालो होतो. वाटेत आई पंपावरच्या संडासात गेली. ती बाहेर येताना दिसली आणि बाबांनी गाडी सुरू केली! आई मागून धावतेय, आम्ही मागच्या काचेतून हात हलवतोय. तिची पर्ससुद्धा गाडीत! दहा मिनिटांनी बाबा परत आले आणि काच खाली करून विचारतात कसे, 'कुठं सोडू, मॅडम?'"

डॅरन मांडीवर थाप मारून हसला. फिलिपाबाईही हसल्या आणि भराभर लिहू लागल्या. लिंझी टेबलाकडं बघत बसली.

"दहा नाही. एक तास चाळीस मिनिटं," बेरिल म्हणाली. "पंपावर घड्याळ होतं."

"आता मिनिटं कसली मोजतेस, आई? गंमत होती ती."

"तो किस्सा गुरुवारी सांगायचा नाही. मी सांगून ठेवते."

"तुला ना, गंमतच कळत नाही कधी!"

झालं! या लोकांना दारुडा म्हणा, चिक्कू म्हणा, एक वेळ ऐकून घेतील. पण गंमत कळत नाही म्हणालात, की माणसातून उठवलंत. डेरेकनं बायकोला जन्मभर हेच ऐकवलं. लग्नकार्यात, नाताळात, पबमध्ये, तिच्या स्वतःच्या आईच्या मयतीत. हा किस्सा सांगायचा आणि मग सगळ्यांनी माना वळवून बघायचं, बेरिल हसते का. हसली तर बरंच झालं, नाही हसली तर घुमी. मेला स्वतः गेला आणि ते वाक्य पोराच्या तोंडात ठेवून गेला. आता गुरुवारी ऐंशी माणसं पहिल्या रांगेकडं बघणार आणि हिनं नवऱ्याच्या अंत्यविधीतही दात दाखवायचे.

बेरिलनं कप आपटला. टेबलावर चहा सांडला, तो तिनं पुसला नाही.

"त्या किश्शात मी काय करते रे?"

"म्हणजे?"

"तुम्ही गाडीत हसताय, तो गाडी चालवतोय. चाळीस वर्षं ऐकतेय मी. तेवढा वेळ मी काय करत होते?"

डॅरननं खांदे उडवले. "उभी असशील. वाट बघत."

"एक ट्रकवाला थांबला. म्हणाला, हल शहराकडं चाललोय, येतेस का? मी चढले. दार लावून घेतलं. त्यानं इंजिन सुरू केलं, तेवढ्यात तुमची गाडी पंपात वळताना दिसली. ही पोरगी मागं तोंड वासून रडत होती. म्हणून उतरले. हिच्यासाठी उतरले, डॅरन. तुझ्या बापासाठी नाही. आणि तुझ्यासाठीही नाही, तू हसत होतास."

डॅरनचं तोंड उघडंच राहिलं. "हे तू कधी बोलली नाहीस."

"मला बोलू दिलंत कधी?"

"बाबा म्हणाले होते, जो हसेल त्यालाच आइस्क्रीम," लिंझी टेबलाकडं बघतच म्हणाली. "मला नव्हतं मिळालं."

फिलिपाबाईंनी वहीतल्या आठ-दहा ओळींवर काट मारली. मग पान उलटलं.

"आई, गेलेल्या माणसाबद्दल असं..." डॅरन पुटपुटला.

"गेला म्हणून काय झालं? मी आहे ना अजून!"

"मग मी काय सांगू त्यांच्याबद्दल?" फिलिपाबाईंनी पहिल्यांदाच बेरिलकडं वळून विचारलं.

बेरिलनं जरा विचार केला. "टोमॅटो चांगले लावायचा. ते खरं आहे. तेवढं सांगा."

"वीस मिनिटं असतात हो आपल्याला. टोमॅटो दोन मिनिटांत संपतील."

"मग उरलेली अठरा मिनिटं सगळ्यांना नुसतं उभं करून ठेवा," बेरिल म्हणाली. "कुणी विचारलंच, तर म्हणावं, गंमत आहे."