साडेपाचची कॉफी

“हे झाकण खाली घेतलं की वर ओटा होतो आणि गॅस आपोआप बंद,” जुन्या वस्तूंचा व्यापारी म्हणाला आणि त्याने झाकण खाली घेऊन दाखवलं.

निवृत्त पोस्टमास्तरांनी मान हलवली. कुकिंग रेंज, म्हणजे ओव्हन जोडलेली ती भलीमोठी गॅसची शेगडी, त्यांचीच होती. एकतीस वर्षं त्यांच्याच स्वयंपाकघरात उभी होती. ती फिकट पिवळी आहे आणि जड आहे, यापलीकडे त्यांना तिच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं.

व्यापारी रंगात आला होता. दोन ओव्हन, एक मोठा, एक धाकटा. मधोमध बशा गरम ठेवायचा अरुंद कप्पा. चार बर्नर वर आणि पाचवा विहिरीसारखा खोल, त्यात पातेलं गळ्यापर्यंत बुडायचं. मागच्या पत्र्यावर दिवा, घड्याळ, मीठ-मिरपुडीच्या डब्यांना खास कोनाडे. विकत घ्यायला आलेला माणूस वस्तूला नावं ठेवतो. हा स्तुती करत सुटला होता. म्हणजे एकतर नवशिका होता किंवा प्रामाणिक. धंद्याला दोन्ही सारखंच वाईट.

मास्तर ऐकत होते. बायको जाऊन महिना झाला होता आणि तेव्हापासून ते सगळंच असं ऐकत होते, शेजारच्यांचा रेडिओ ऐकावा तसं. रडू आलं नव्हतं. शोकसभेत त्यांनी सांगितलं होतं, “ती एकतीस वर्षं रोज पहाटे साडेपाचला उठली. सहाला माझी कॉफी तयार. एक दिवस चुकली नाही. कॉफी ठेवून मग बिचारी पुन्हा जरा आडवी व्हायची.” लोकांनी डोळे पुसले. मास्तरांनी टपालाचे नवे दर वाचून दाखवावेत तसं हे वाचून दाखवलं आणि कागदाची घडी घातली.

हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मास्तरांनी त्याचा अर्थ स्वतःच लावला होता. झोप पुरली नव्हती. एका कपासाठी आपण तिची झोप खाल्ली, रोज थोडी थोडी. रेंज दिसली की हेच डोक्यात यायचं. म्हणून ती घरातून जायला हवी होती.

मुलगी दारात उभी होती. “आईची आहे, बाबा,” ती सकाळपासून तीनदा म्हणाली होती. “म्हणूनच,” मास्तर तिन्ही वेळा म्हणाले होते.

“आणि खरी गंमत तर ही!” व्यापारी घड्याळाशी वाकला.

“ते राहू द्या हो, काका,” मुलगी घाईने म्हणाली.

“अहो ताई, गिऱ्हाईक यावरच तर फिदा होतं!” त्याने घड्याळाखालची प्लगची भोकं दाखवली. “रात्री कॉफीच्या भांड्यात पाणी नि पावडर घालायची, वायर इथे खुपसायची, हा काटा फिरवून ठेवायचा. पहाटे कॉफी आपली आपण होते. आपण खुशाल घोरत पडायचं. हे बघा, काटा अजून साडेपाचवर आहे. वापरात होतं की तुमच्याकडे!”

व्यापाऱ्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि टेप काढून तो दाराची रुंदी मोजायला लागला.

“तुला ठाऊक होतं?” मास्तरांनी विचारलं.

“हो.” मुलगी फरशीकडे बघत होती. “आई आठपर्यंत गाढ झोपायची, बाबा. मधे उठायचीच नाही. मला म्हणायची, त्यांना सांगू नकोस. बायको पहाटे उठते म्हणून जगाला सांगत फिरतात, फिरू देत.”

“रोज?”

“रोज.”

मास्तर खुर्चीत बसले. महिनाभर इस्त्री केल्यासारखा असलेला चेहरा कुठेतरी चुरगळला.

“अठ्ठावीस इंच,” व्यापारी म्हणाला. “दार काढावं लागेल.”

“राहू द्या. नाही विकायची,” मास्तर म्हणाले. मग ते मुलीकडे वळले.

“अगं, माझं ऑफिस दहाला उघडायचं. तेही रस्त्याच्या पलीकडेच. ती बिचारी साडेपाचला उठते, म्हणून मी सहाला उठायचो.”