हिरवं पाकीट

हॉस्पिटलातून फोन आला त्या दुपारी याओनं हिरवं पाकीट फोडून खाल्लं.

त्याची बायको सिऊ-लुआन गेली होती. कागदांवर सह्या करून तो घरी आला. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि त्याला साधा भातही लावता येत नव्हता. तिच्या लॅपटॉपशेजारी खोबऱ्याच्या चवीच्या पोंग्यांचं पाकीट होतं. ते त्यानं उभ्या उभ्या संपवलं. मग त्याला कळलं, आपण काय केलं ते.

सिऊ-लुआननं टेलिफोन कचेरीत जन्म काढला होता. तिथं प्रत्येक यंत्रावर असं पाकीट असतं, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं, असं सगळे मानतात. हिरवंच हवं. तारीख उलटलेली चालत नाही. आणि फोडायचं तर कधीच नाही. निवृत्तीनंतर तिनं घरीही हा नेम मोडला नव्हता.

आठवड्यानं त्यानं लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर एक फाइल होती, ‘हुंग-जीसाठी’. हुंग-जी म्हणजे तोच. ती उघडायला गेलं की पडदा निळा व्हायचा आणि यंत्र बंद पडायचं. दर वेळी. त्यानं तीन नवी पाकिटं आणून शेजारी मांडली. हात जोडले. काही उपयोग झाला नाही.

शेवटी तो पेंगबाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला आणि खरं ते सांगितलं.

“खाल्लंत? सगळं?”

“सगळं.”

“धन्य आहे काका तुमची!” बाईंनी आपल्या गल्ल्यावरच्या हिरव्या पाकिटाकडे पाहिलं. “इथं चोर आला तर गल्ला नेईल, पण याला हात लावणार नाही.”

याओ हसला नाही. “तिनं माझ्यासाठी काहीतरी लिहून ठेवलंय. ते माझ्यामुळं गेलं.”

बाईंनी लॅपटॉपचं बूड उघडलं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून दुसरी तपासली, मग दुसरी काढून पहिली. दोन तास गेले. याओ स्टुलावर बसून राहिला. पहिल्या खेपेला पडदा स्वच्छ होता. दुसऱ्या खेपेला तो लाल ओळींनी भरून गेला.

“ही पट्टी खराब झालीय. बारीकसारीक काम निभतं. फोटोंनी भरलेली मोठी फाइल उघडली की हिच्यावर भार येतो आणि यंत्र कोलमडतं.”

“त्या दिवसापासून?”

बाईंनी खराब पट्टी बाजूला ठेवून यंत्र सुरू केलं. “बंद पडलं की हे स्वतःच तारीख लिहून ठेवतं. पाकीट कधी खाल्लंत?”

“ऑगस्टमध्ये.”

“ही बघा पहिली तारीख. फेब्रुवारी. तुमचा काही संबंध नाही, काका. तुमच्या हातात यायच्या आधीच हे एकतीस वेळा बंद पडलंय. काकूंनी एकतीस वेळा पुन्हा सुरू केलंय.”

“मला कधी बोलली नाही.”

आजार तिला फेब्रुवारीतच कळला होता, त्याबद्दलही ती बोलली नव्हती. ते त्याला शेवटी डॉक्टरांनी सांगितलं होतं.

बाईंनी फाइल उघडली. या वेळी पडदा निळा झाला नाही. फोटोच फोटो होते. तांदळाची वाटी. भात शिजवायचं विजेचं भांडं. भांड्याचा खटका आणि त्यावर सिऊ-लुआनचं बोट. सगळ्यात वर लिहिलं होतं:

‘म्हाताऱ्या, मी गेले की पहिल्या दिवशी तू हिरवं पाकीट फोडशील. फोड. यंत्राची समजूत मी घातलीय. दुसऱ्या दिवशी मात्र भात लाव. एक वाटी तांदूळ, तीनदा धुवायचे.’

आता नोव्हेंबर उजाडलाय. लॅपटॉप नीट चालतो. तिन्ही पाकिटं शेजारी तशीच आहेत. तांदूळ डब्यात आहेत. भात अजून लावलेला नाही. याओचा अजून पहिलाच दिवस चालू आहे.