ठेकेदाराची बावीस माणसं

नाथन आष्टमकरांनी तिसऱ्यांदा बेरीज केली, तरी आकडे हट्ट सोडेनात. पालिकेचे स्वतःचे, मुकादमासकट बावीस झाडू कामगार त्या काळी सगळे मिळून महिन्याला एकेचाळीस हजारांना पडत होते. स्टेशनकडच्या भागात तीन महिन्यांच्या चाचणीवर लावलेला ठेकेदार बावीसच माणसं दाखवून तेच काम सत्तावीस हजारांत करत होता. बरं, काम वाईट असतं तर बोट तरी ठेवता आलं असतं. तिकडचे रस्ते लख्ख होते.

एप्रिलच्या सभेत ठराव यायचा होता. जो स्वस्त ठरेल त्याला सगळं पनवेल मिळणार. पालिकेच्या बावीस जणांना घरचा रस्ता.

नाथन लेखापाल खरे, पण मनाने मऊ. या माणसांची पगारपत्रकं त्यांनी अठरा वर्षं लिहिली होती.

सकाळपाळी आटोपून मुकादम गुणाबाई हजेरीवही द्यायला आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

"गुणाबाई, ठेकेदाराची माणसं बघितलीत कधी?"

"बगितली. काम आमच्यासारखंच हाय त्यांचं."

"सगळा बनाव आहे तो. तोंडाला फडकी बांधलेली, कागदावर नुसती नावं, राहण्याचा पत्ता एकाचाही नाही. जागेवर जाऊन एकेकाची ओळख पटवा, असं मी मुख्याधिकाऱ्यांना लिहितोय."

"नका लिवू, साहेब. गरिबांच्या पोटावर पाय येल."

"अहो, तुमच्याच पोटासाठी लिहितोय."

"आमचं आमी बगू. पोरीचं लगीन हाय वैशाखात. तवर तरी थांबा."

दीड वाजला तशी ती लगबगीने उठली. चहा सांगितला होता, त्यालाही थांबली नाही.

बाई भित्री, असं नाथनना वाटलं. आपल्या हक्कासाठीसुद्धा माणसं तोंड उघडत नाहीत याची त्यांना भारी चीड. त्या चिडीत पत्र कडक उतरलं: खोट्या नावाने जे कोणी सापडतील त्या सर्वांना, कोणाचीही गय न करता, त्याच दिवशी कामावरून काढावं. सही करताना त्यांना फार बरं वाटलं. ते बरं वाटणंच पुढे कितीतरी वर्षं त्यांना खात राहिलं.

आठवड्याने, दुपारी तीनला, आरोग्य निरीक्षक स्टेशनकडे पंचनाम्याला गेले. पाचला मुख्याधिकाऱ्यांनी नाथनना बोलावलं.

"तुमचा संशय खरा निघाला. कागदावरचं एकूण एक नाव खोटं. ठेका रद्द करतोय."

नाथनना हायसं वाटलं. "म्हणजे आपली माणसं वाचली."

मुख्याधिकाऱ्यांनी मान वर केली नाही. "निरीक्षकांनी जागेवर खरी नावं लिहून घेतली आहेत. तुमच्या पत्राप्रमाणे कारवाई आजच करायची. आदेश तुम्हीच काढा."

त्यांनी यादी पुढे सरकवली. पहिलं नाव गुणाबाईचं होतं. खालची एकवीस नाथन न बघता सांगू शकले असते. अठरा वर्षं दर महिन्याला ते तीच लिहीत आले होते.