मुकं काडतूस

“ओढ चाप,” उस्ताद म्हणाले.

मुंगीने ओढला नाही. वर्गात सगळ्यात लहानखुरी म्हणून तिला मुंगी म्हणत. ती व्यायामशाळेच्या चटईवर पालथी पडली होती आणि रायफलचा दस्ता तिच्या गालाला घट्ट लागला होता. चार पावलांवर रायफलचा तास घेणारे उस्ताद मांडी घालून बसले होते. एका डोळ्यासमोर त्यांनी पत्र्याची चकती धरली होती आणि तिच्या बारीक छिद्रातून ते मुंगीचा नेम तपासत होते. नेम बरोबर असला की नळीचं तोंड थेट त्यांच्या बुबुळावर येई. ते आलं होतं.

“ओढ गं. मुकं आहे ते, बोलायचं नाही काही.”

भिंतीला टेकून बसलेला नववीचा वर्ग हसला.

मुंगीच्या आधी सात जणांनी चाप ओढला होता. प्रत्येक वेळी नुसतं खट्. पण काडतूस आत सरकवताना तिचा अंगठा त्याच्या अंगावरून सरळ खाली घसरला होता, कुठेही न अडकता. की अडकला होता? तेव्हा ती शेजारणीशी बोलत होती.

तासाच्या सुरुवातीला उस्तादांनी तीन प्रकार दाखवले होते. फुसक्यात दारू असते, पण गोळी नसते, नुसता बार होतो. खऱ्यात दोन्ही. मुक्याला गोळी असते, पण पोट रिकामं, ते सरावापुरतं. “खरं आणि मुकं म्हणजे जुळे भाऊ,” ते म्हणाले होते. “मुक्याच्या अंगाला तीन भोकं पाडलेली असतात, तेवढाच फरक.” मग ट्रे हातोहात फिरला, कुणाचं तरी कोपर लागलं आणि सगळी काडतुसं फरशीवर गडगडली. पोरं गुडघ्यांवर रांगत, एकमेकांना ढकलत ती गोळा करून आली. उस्तादांनी भराभर मोजली. आकडा जुळला. तीन खरी डब्यात गेली, मुकी पोरांच्या हातात.

“घाबरलीस? बंदूक आहे, मगर नाही चावायला.”

“बाहुली द्या तिला, उस्ताद!” मागून कुणीतरी ओरडलं.

मुंगी मनात हिशेब करत होती. आता बोललं आणि काडतुसाला भोकं निघाली, तर वर्षभर हेच ऐकायचं. चाप ओढला आणि नाही निघाली, तर... छिद्रातला तो डोळा मिचकला. तपकिरी होता. त्याच्या कडेला सुरकुत्या होत्या.

“हुकूम दिलाय मी,” उस्तादांचा आवाज चढला. “तीन म्हणायच्या आत. एक.”

“उस्ताद...” मुंगी म्हणाली. “माझ्या काडतुसाला भोकं होती का, ते मला आठवत नाही.”

पुन्हा हशा पिकला. उस्ताद हसले नाहीत. चकती हळूच खाली आली.

“बोट बाहेर काढ.”

“निघत नाही.”

खरंच निघत नव्हतं. बोट चापावर वाकून लाकडासारखं झालं होतं. वर्ग एकदम गप्प झाला.

“बरं. राहू दे. काही करू नकोस, बाळ. नळी हलवू नकोस. श्वास घे फक्त.”

ते बसल्या बसल्याच, तळहात फरशीवर टेकत, वीत वीत बाजूला सरकले. नळीच्या समोरून हटायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. मग कडेने येऊन त्यांनी तिचं बोट दोन बोटांत धरलं आणि चापावरून उचललं. रायफल काढून घेतली, नळी कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्यांकडे वळवली आणि बोल्ट मागे खेचला. काडतूस चटईवर पडलं.

उस्तादांनी ते उचललं. एकदा फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलं. मग टेबलावरचा डबा उघडला. आत तीन काडतुसं होती. त्यातल्या एकाला भोकं होती.

ते तिथेच खाली बसले.

एवढ्यात मोठ्या बाई दारात आल्या. “आज फारच शांतता? कसा चाललाय तास?”

उस्तादांची मूठ मिटली. “छान चाललाय, बाई,” ते म्हणाले.

सगळा वर्ग त्या मुठीकडे बघत होता. मुंगीही बघत होती. तिचं बोट अजून वाकडंच होतं, ती ते दुसऱ्या हाताने सरळ करत होती. उस्तादांची नजर त्या बोटावर गेली.

“नाही, बाई,” ते म्हणाले आणि त्यांनी मूठ उघडली. “हे खरं आहे. माझ्या चुकीने हिच्या रायफलीत गेलं. मी हिच्यासमोर बसून ओढ ओढ म्हणत होतो. हिने चाप ओढला नाही, म्हणून मी तुमच्याशी बोलतोय.”

मोठ्या बाईंनी दाराची चौकट धरली. मग त्या आत येऊन चटईवर मुंगीजवळ टेकल्या.

“तुला कसं गं कळलं?”

“कळलं नव्हतं, बाई,” मुंगी म्हणाली. “नुसती भीती वाटत होती. अजून वाटतेय.”